भागोजीचे दोन खांदे

भागोजीला आयुष्यात एकच माणूस सलला, आणि तो नेमका कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे राहायचा. केरू. सख्ख्या चुलत्याचा मुलगा. दोघं एकाच पावसाळ्यात जन्मलेले, एकाच बाकावर बसलेले, एकाच मास्तरचा मार खाल्लेले. पण दैव बघा कसं असतं. केरूच्या कलमांना मोहर आधी, केरूच्या विहिरीला वैशाखातही पाणी, केरूच्या घरावर स्लॅब. भागोजीच्या घरात कौल फुटलं की ते बदलायला शिडीवर चढतानासुद्धा त्याला केरूचा स्लॅब दिसायचा. केरूची मुलगी शमिका मुंबईला शिकून आली आणि रत्नागिरीत त्या मोठ्या एमआरआयच्या मशीनवर कामाला लागली, तेव्हा भागोजीनं संध्याकाळचं जेवण टाकलं. म्हणाला, पोट बिघडलंय.

"बिघडलं नाय, दुखतंय," त्याची बायको दीपाली म्हणाली. "कशानं दुखतंय ते मला ठाऊक हाय."

आता भागोजी वाईट माणूस होता असं मात्र वाडीत कोणी म्हणणार नाही. हातचं काम सोनं. पाडेली म्हणून भाट्यापासून पावसपर्यंत त्याला बोलावणं यायचं. डावा हात माडाला वेढलेला, उजव्या हातात कोयता, आणि खाली नारळ असे पडायचे की वेचणाऱ्या बाईनं मान वर करायची गरज नाही. अडल्यानडल्याला धावून जायचा. फक्त केरूचं नाव निघालं की याचा चेहरा आंबट. लोक मुद्दाम चिडवायचे. दुकानात बसलेला बघितला की एखादा म्हणायचाच, "काय भागोजी, केरूनं फ्रीज घेतलान म्हणे." आणि भागोजी चहा अर्धा टाकून उठायचा.

एका ठिकाणी मात्र भागोजी पुढे होता, आणि तिथे केरू मागे होता. अगदी डोळ्यांनी दिसेल असा मागे. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या चौथऱ्यावरून, उठली की दांडीच्या पुढच्या टोकाला भागोजी आणि मागच्या टोकाला केरू. पालखी नुसती वाहायची नसते, ढोलाच्या ठेक्यावर नाचवायची असते. कधी खांद्यावर, कधी डोक्यावर, कधी हात सोडून. पाऊल ठरवतो तो पुढचा. मागच्यानं त्याच्या मागून जायचं. मुंबईहून आलेले चाकरमानी मोबाईल काढायचे ते पुढच्याचे फोटो काढायला. वर्षभर भागोजी जो काही जळायचा, त्या जळण्यावर शिमग्याच्या त्या दिवसांत पाणी पडायचं. तेवढ्यावर तो पुढचं वर्ष काढायचा.

आणि त्या खांद्याचाच घात झाला.

माडावरून कधी न पडलेला हा माणूस माघ महिन्यात पडला तो स्कुटीवरून. तोही चालवताना नाही, दीपालीच्या मागे बसून. भाट्याचा पूल ओलांडून वळणावर रस्त्यात वाळू आलेली, तिच्यावरून चाक सरकलं. दीपाली स्कुटीसकट गवतात बसली, तिला खरचटलंसुद्धा नाही. भागोजीनं मात्र उजवा हात पुढे टेकला आणि त्याला आतून खटकन आवाज आला. खांदा जागचा निसटला आणि पुन्हा आत बसला. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. पण आजूबाजूला माणसं जमली होती, त्यामुळे तो हसला.

एक्सरे काढला. हाड कुठेच मोडलेलं नव्हतं. मग काय, भागोजीनं ती काळी फिल्म वाडीभर फिरवली. दुकानात बसून उन्हात धरून दाखवायचा. "हाड न् हाड शाबूत हाय बगा." केरूनंही बघितली आणि म्हणाला, "बरं झालं बाबा, माझा जीव टांगणीला लागलेला." हे ऐकून भागोजीला वाटलं, याचा जीव कसला टांगणीला, याची नजर दांडीच्या पुढच्या टोकावर आहे.

पण एक्सरे कितीही चांगला असला तरी हात कानाच्या वर जाईना. केस विंचरायला डावा हात, चहाची कपबशी उचलायला डावा हात, शर्ट घालताना दीपाली. चारचौघांत तो खिशात हात घालून उभा राहायचा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. गावकर लवूआबांच्या म्हाताऱ्या डोळ्यांनी ते हेरलं. पालखीचा सगळा कारभार त्यांच्या शब्दावर चालायचा.

"भागोजी, पालखीत देवीची रूपं असतात, चेष्टा नाय," ते म्हणाले. "खांद्यात कळ आली आणि दांडी कलली तर वाडीला तोंड दाखवायला जागा उरणार नाय. डॉक्टरचा कागद आण. खांदा बरा हाय असं त्यानं लिवलं तर पुढचा मान तुझा. नायतर केरू पुढं होईल."

नायतर केरू. हे दोन शब्द भागोजीच्या कानात कुसळासारखे रुतले.

तो रत्नागिरीला हाडांच्या डॉक्टरांकडे गेला आणि एक्सरे त्यांच्यापुढे टाकला. डॉक्टरांनी तो बघितला आणि बाजूला ठेवला.

"एक्सरेत खुंट दिसतो, दावं दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. ते मूळचे गुहागरचे, त्यामुळे समजेल असं बोलायचे. "खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेलं लिंबू. ते घरंगळू नये म्हणून बशीच्या काठाला एक मऊ गादी असते आणि चारी बाजूंनी बंध असतात. त्यांना लिगामेंट म्हणतात. तुमचं लिंबू एकदा घरंगळून परत बसलंय. आता बंध तुटलेत की नुसते ताणलेत, गादी फाटलीय का, हे एमआरआयशिवाय कळायचं नाही."

"आणि तुटले असतील तर?"

"तर ओझं बंद. पुन्हा निसटेल."

बाहेर पाय मोडलेल्या कोणाला तरी आणलं होतं, आरडाओरड चालली होती. डॉक्टरांनी घाईघाईत चिठ्ठी लिहिली आणि ते उठले. खांद्याचा एमआरआय एवढंच लिहिलं. उजवा की डावा ते लिहायचं राहून गेलं. भागोजीला इंग्रजी कळत नव्हतं, त्याला तेव्हा त्याचा पत्ताही नव्हता. त्याला एवढंच कळलं होतं की ते मशीन शमिकाच्या हाताखाली आहे. आपल्या खांद्याच्या आत काय आहे ते आपल्या आधी केरूची पोरगी बघणार. जाताना रिक्षात त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

शमिकानं मात्र त्याला बघून हातातलं काम ठेवलं. "काका, या. पाणी घ्या आधी." भागोजीनं डाव्या हातानं भांडं घेतलं. तिनं एकेक विचारलं. कुठे ऑपरेशन झालंय का, अंगात धातूचा तुकडा, सळई, काही आहे का. मग म्हणाली, "घड्याळ, अंगठी, करगोटा, सगळं काढून ठेवा. आत लोहचुंबक असतं, भलतंच जोरदार." करगोटा चांदीचा, बापानं घातलेला. तो सोडताना भागोजीला केरूच्या पोरीपुढे उघडं पडल्यासारखं वाटलं.

मग तिनं चिठ्ठी उलटसुलट केली. "यात बाजू लिहिलेली नाही. काका, कुठला खांदा?"

आणि त्या घडीला भागोजीच्या डोक्यात ते शिजलं. आधी काही ठरवून आला नव्हता बरं. पण मत्सराला बुद्धी फार लवकर सुचते. उजवा खांदा दिला आणि आत बंध तुटलेला निघाला, तर ही पोरगी पडद्यावर बघणार, आणि शिमग्यात हिचा बाप पुढे. आणि डावा दिला तर? डावा ठणठणीत आहे. कागदावर खांदा चांगला आहे असंच येणार. लवूआबांना इंग्रजी कुठे येतंय. त्यांना काय, खांद्याचा कागद पाहिजे. कुठल्या खांद्याचा, हे कोण विचारतंय.

"डावा," भागोजी म्हणाला.

शमिका जरा थांबली. "डावा? पण आत्ता भांडं तुम्ही डाव्यानंच उचललंत."

"मंग? दुखऱ्या हातानं माणूस पाणी पीत नाय काय?"

"मी एकदा डॉक्टरांना विचारते." तिनं फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनला गेले होते. पलीकडच्या नर्सनं सांगितलं की पेशंटलाच विचारा. शमिकानं पुन्हा विचारलं, यावेळी आपल्यासोबत काम करणाऱ्या माणसासमोर, "काका, नक्की डावा ना? चुकीच्या बाजूचा फोटो काढून उपयोग नाही."

"खांदा माझा हाय की तुझ्या बापाचा?"

हे बोललो नसतो तर बरं, असं त्याला लगेच वाटलं. पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही, आणि केरूच्या घरातल्या माणसापुढे तर नाहीच नाही. शमिकानं त्याला फळीवर झोपवलं, डाव्या खांद्यावर टोपलीसारखं कवच बसवलं, कानात बोळे घातले, हातात रबराचा गोळा दिला. "भीती वाटली तर हा दाबा. आणि काहीही झालं तरी हलायचं नाही."

फळी सरकत नळीत गेली. छत नाकाशी आलं. भागोजीला भीतीबिती वाटली नाही, माडाच्या शेंड्यावर झोके खाणारा माणूस तो. पण मशीन सुरू झालं आणि पंचाईत झाली. ठकठक, ठकठक, मग धडाम, धडाम, मग पुन्हा ठकठक. हुबेहूब ढोल. त्या ठेक्यावर उभ्या जन्मात भागोजी स्वस्थ राहिला नव्हता. त्याच्या नकळत टाच हलायला लागली, मग गुडघा, मग कंबर.

"काका, तुम्ही हलताय," नळीत शमिकाचा आवाज आला. "चित्र पुसट येतंय. परत घ्यावं लागेल."

"मी नाय हलत. तू ढोल वाजवतेस तो बंद कर."

पहिलं सगळं वाया गेलं. दुसऱ्यांदा त्यानं दात आवळले, मनातल्या मनात घरच्या कोंबड्या मोजल्या आणि कसाबसा निपचित पडून राहिला. बाहेर आल्यावर काचेपलीकडे पडदा दिसला. त्याच्यावर त्याचा खांदा, चिरलेल्या सुपारीसारखा, काळ्यापांढऱ्या रेघारेघांचा. एका जागी शमिका वाकून बघत होती.

"काय दिसतंय?"

"मला सांगता येत नाही, काका. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितात. तो तुमच्या डॉक्टरांकडे जाईल."

बापासारखीच शिष्ट, असं भागोजी मनात म्हणाला. घरी आला तो मात्र शीळ वाजवत. दीपालीला म्हणाला, "आता कागदच बोलेल." लवूआबांनाही वाटेत गाठून तेच सांगून आला.

कागद बोलला. पण भलतंच.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, पडद्यावर फोटो लावले, पुन्हा रिपोर्ट वाचला. "हे जुनं आहे," ते म्हणाले. "काठाची गादी झिजून फाटलीय. पुढचा बंध खालच्या बाजूनं सुटलाय. स्कुटीवरून पडून असं होत नाही, वर्षानुवर्षांचं आहे. तुम्ही माडाला कुठल्या हातानं वेढा घालता?"

"डाव्या."

"मग बरोबर. सगळं अंग त्या हातावर. इतकी वर्षं दुखलं नाही?"

"नाय."

"कधीकधी दुखत नाही. दंडाचे स्नायू दणकट असले की ते सांभाळून घेतात." डॉक्टर उठून त्याच्याजवळ आले. त्यांनी डावा हात उचलला, बाजूला नेला, मागे वळवला. भागोजी आरामात. मग सहज म्हणून उजवा धरला. कोपरात वाकवून खांद्याच्या रेषेत उचलला आणि हलकेच मागे नेला. भागोजीनं हिसडा देऊन हात पोटाशी ओढला. चेहरा पांढराफटक.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा उचलला. "पडलात तो हा खांदा. मग डाव्याचा एमआरआय का काढला?"

भागोजी जमिनीकडे बघत म्हणाला, "शिमगा हाय."

"मला कळलं नाही."

"पालखी, डॉक्टर. पुढची दांडी. डावा चांगला निघंल म्हनून दिला."

डॉक्टर रागावतील असं त्याला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, आणि त्यामुळे त्याला जास्तच लाज वाटली. "उजव्याचाही काढून घ्या," ते म्हणाले. "पण तोवर दोन्ही खांद्यांवर काही नाही. पालखी नाही आणि माडही नाही. माडावर हात निसटला तर मला दाखवायला तुम्ही राहणार नाही."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. रिपोर्टचं पाकीट भागोजीनं तांदळाच्या डब्यामागे सारलं आणि दीपालीला सांगितलं, अजून आला नाही. पण त्याच्या मनाला एक वेगळीच वाळवी लागली. शमिकानं बघितलंय. तिनं घरी सांगितलं असणार. तिला तर दोन्ही ठाऊक, डावा फाटलाय तेही आणि मी खोटं बोललो तेही. संध्याकाळी केरूच्या पडवीत कोणी हसलं की याला वाटायचं, माझ्यावरच हसतायत. केरूनं गडग्यावरून फणसाची कोवळी कुयरी भाजीला दिली तर याला वाटायचं, कीव करतोय. ती कुयरी त्यानं दीपालीला शिजवू दिली नाही. म्हशीला घातली. म्हशीनं खाल्ली नाही, ते सोडा.

होळीच्या आधी सहाणेवर वाडीची बैठक बसली. मुंबईकर यायला लागले होते, त्यांतला रितेश नावाचा एक तरणाताठा चाकरमानी पुढेच बसला होता. बाकीची वाटणी झाली आणि लवूआबांनी विषय काढला. "आता पुढची दांडी. भागोजीचा कागद अजून आला नाय. केरू, तू शेजारचा, भावकीतला. तुला काय वाटतं?"

केरू बिचारा कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "मी काय सांगनार आबा? भागोजीच्या खांद्याचं काय ते भागोजीलाच ठाऊक."

बस. चोराच्या मनात चांदणं. भागोजी ताडकन उभा राहिला.

"मलाच ठाऊक? आणि तुला नाय ठाऊक? पोरीनं येऊन सांगितलं नाय तुला, काकानं उजवा सोडून डावा फोटोत दिला म्हनून? डावा पन फाटलेला निघाला म्हनून? रोज पडवीत बसून हसता ते कोनावर हसता? सरळ सांग ना, तुला पुढं यायचंय!"

केरूचं तोंड उघडं राहिलं होतं.

"शमी कामातलं घरात कायच बोलत नाय," तो हळूच म्हणाला. "तू तिच्याकडं गेलेलास हेच मला आता कळतंय."

त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच भागोजीला समजलं की हे खरं आहे. कोणी विचारलं नव्हतं, कोणाला माहीत नव्हतं. सगळं त्यानं स्वतःच्या तोंडानं, सगळ्या वाडीसमोर ओतलं होतं.

त्यातून केरूनं मीठ चोळलं, तेही नकळत. "आबा, मला पुढं नको," तो म्हणाला. "भागोजी बरा होईस्तवर दुसऱ्या कोनाला द्या. मी मागंच बरा." आजूबाजूच्या माना हलल्या. काय मन आहे बघा, असं कोणीतरी पुटपुटलं. भागोजीला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. आता चांगुलपणातही केरूच पुढे.

लवूआबांनी मात्र कोणाचंच ऐकलं नाही. "पुढं केरू. आणि भागोजी, तुझा मान रिकामा ठेवत नाय. यंदा खूण तू घाल."

खूण म्हणजे लाल फडक्यात बांधलेला नारळ. वाडीच्या हद्दीत तो कुठेतरी गुपचूप पुरायचा, आणि धुळवडीनंतर पालखीनं तो हुडकून काढायचा. दांडीखालच्या माणसांना जागा ठाऊक नसते. देवी जिकडे ओढेल तिकडे जायचं. खूण मिळाली तर वर्ष चांगलं. ठाऊक असते फक्त घालणाऱ्याला, आणि त्यानं तोंड उघडायचं नसतं. त्याचा नियम कडक. जो खूण फोडेल, त्याच्या हाताला जन्मात पुन्हा पालखीची दांडी नाही.

गुरवानं नारळ भागोजीच्या ओंजळीत ठेवला आणि त्याला वाटलं, देवीनं आपल्या हातात केरूच दिला.

तो रानात गेला नाही, की खाडीच्या कडेला गेला नाही. केरूच्या घरची माणसं बाजाराला गेलेली बघून तो गडग्यावरून पलीकडे उतरला आणि केरूच्याच अंगणात, अबोलीच्या वाफ्यात, डाव्या हातानं खणून नारळ पुरला. डोकं बघा किती वाकडं चाललं. पुढे असलेला केरू पालखी आपल्याच घराकडे नेईल तर वाडी म्हणेल, मान मिळाला नाही तोवर हा देवीला आपल्या दारी ओढायला लागला. आणि केरू अब्रूला जपणारा. ओढ लागली तरी तो त्या वाटेनं जाणार नाही. खूण मिळणार नाही. आणि मग लोक म्हणतील, भागोजी असता तर.

तसंच झालं. पालखी सहाणेवरून उठली, ढोल कडाडला. थोडी इकडे, थोडी तिकडे झाली, आणि मग तिनं केरूच्या घराच्या वाटेकडे उसळी घेतली. केरूनं टाचा रोवल्या आणि दांडी वळवली. पिंपळाकडे गेले, विहिरीकडे गेले, परत आले. पुन्हा त्या वाटेच्या तोंडाशी ओढ, पुन्हा केरूनं मागे खेचलं. ऊन चढलं. ढोलवाल्यांचे हात थकले. बायका चुळबुळायला लागल्या. गुरवाशेजारी उभ्या भागोजीच्या कानावर आलं, एक म्हातारी म्हणाली, "भागोजी असता तर एवढ्यात मिळाली असती." किती दिवस वाट बघितलेलं वाक्य. उसाच्या रसासारखं आत उतरलं.

पालखी तिसऱ्यांदा त्या वाटेशी आली तेव्हा भागोजीनं केरूकडे नीट बघितलं. केरूचं तोंड काळंनिळं पडलं होतं. दांडी खांद्यावरून सरकून दंडावर आली होती, हात कोपरात वाकून खांद्याच्या रेषेत वर, आणि देवीची ओढ त्याला मागे मागे नेत होती. डॉक्टरांनी भागोजीचा हात ज्या तऱ्हेनं धरला होता, नेमका त्या तऱ्हेनं. केरूला ते कळत नव्हतं. तो अब्रूसाठी दात खाऊन उभा होता. आणखी एक हिसका बसला की काय होणार हे सगळ्या गर्दीत एकट्या भागोजीला ठाऊक होतं. तो खटकन आवाज त्याला आत्ताच ऐकू आला.

गप्प राहा, तो स्वतःला म्हणाला. जाऊ दे त्याचा खांदा. तुझेही दोन्ही गेले.

आणि मग त्याच्याच तोंडातून आवाज निघाला, ढोलापेक्षा मोठा. "सोड रे केरू. ओढू नको तिला. तुझ्याच अंगनात हाय, अबोलीत."

ढोल थांबला. केरूनं त्याच्याकडे बघितलं आणि टाचा सोडल्या. पालखी सुटल्यासारखी त्या वाटेनं गेली आणि अबोलीच्या वाफ्यावर जाऊन टेकली. गुरवानं माती उकरली, लाल फडकं वर आलं. बायकांनी त्या अंगणात ओट्या भरल्या, गुलाल उधळला. देवी आपल्या पायानं केरूच्या दारी आली, असं पोराटोरांपर्यंत सगळे म्हणायला लागले. आणि तिला तिथे बोलावून आणणारा कोण, तर भागोजी.

लवूआबा त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. "नियम ठाऊक व्हता तुला."

"ठाऊक व्हता."

"मंग का बोललास?"

केरूच्या भल्यासाठी, असं म्हणायला त्याची जीभ वळेना, कारण ते खरं नव्हतं. त्या अंगणात, त्या स्लॅबखाली टेकलेली पालखी बघून आत्तासुद्धा त्याच्या पोटात आग पडली होती. "आबा," तो म्हणाला, "ह्याचा पन खांदा गेला, तर मी जळू कोनावर?"

लवूआबांनी नियम मोडला नाही. दांडी भागोजीला कायमची गेली, ते त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. केरूला हात हलवता येईना, म्हणून पुढे रितेशला घातलं. पालखी उठली आणि नाचत पुढच्या घराकडे निघाली. केरू दंड धरून पडवीच्या पायरीवर बसला. भागोजी जाता जाता थांबला, आणि मग त्याच पायरीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला लागून टेकला. दोघं रितेशचं नाचणं बघत राहिले. लोक मोबाईल काढून त्याच्या पुढे पुढे धावत होते.

"पाऊल बघ त्याचं," केरू एकदम म्हणाला. "ह्याला नाचणं म्हनतात? आणि एवढे फोटो कसले काढतायत त्याचे?"

भागोजीनं चमकून त्याच्याकडे बघितलं. केरूचा चेहरा कडू झाला होता. असा चेहरा भागोजीनं आजवर फक्त आरशात बघितला होता.

"ठेका पन चुकतोय," तो म्हणाला, आणि केरूला दुखरा हात भिंतीला टेकता यावा म्हणून भिंतीकडची जागा सोडून खालच्या पायरीवर सरकला.